नावासमोरचा लाल ठिपका

अनुक्रमणिकेच्या पानावरून खाली सरकणारं बाईंचं बोट मध्येच अडलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा चढवला. नाव होतं. तेच, जसंच्या तसं.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत बाईंची तीस वर्षं गेली होती, आणि नावांच्या बाबतीत त्यांना चकवणं सोपं नव्हतं. कुठलं नाव कधी आलं, कधी त्याचं पेव फुटलं, कधी ते शिळं झालं, सगळं तोंडपाठ. कुठल्या वर्षी पहिलीच्या वर्गात एकाच नावाच्या पाच-पाच मुली बसणार, हे त्या सहा वर्षं आधी सांगून मोकळ्या होत. अर्थ विचारायला आईबाप खिडकीशी घुटमळत, तेव्हा कपाटातली जाड वही न काढताच बाई तो सांगून टाकत. पण हे नाव त्या वहीत नव्हतं. जावयाने फोनवर शोधलं, तर लाखभर नावांच्या यादीतही सापडलं नाही, म्हणून तो बिचारा उलट खूशच झाला होता.

लेकीने ते कुठून आणलं, हे तिलाही सांगता येत नव्हतं. सातव्या महिन्यात जन्मलेली तिची मुलगी इस्पितळातल्या काचेच्या पेटीत होती. मूठभर जीव, नाकात नळी. डॉक्टर ‘बघू या’ एवढंच म्हणत, आणि ‘बघू या’ म्हणणारा डॉक्टर बाईंना मुळीच आवडत नसे. पेटीशेजारी बसल्या बसल्या लेकीच्या तोंडात ते नाव आलं, तिने ते पुटपुटलं, आणि यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा वर चढला.

“योगायोग असेल,” बाई म्हणाल्या होत्या.

“मी दुसरी नावं घेऊन पाहिली, आई. वीसेक तरी. आकडा जागचा हलत नाही.”

तिने तिथल्या तिथे अर्जावर सही करून तो आईच्या हातात दिला होता. आता तो बाईंच्या खणात पडून होता आणि रजिस्टरमध्ये नातीच्या नावाचा रकाना कोरा होता. नाव उशिरा आलं की ते शाईने भरायचं आणि खाली बारीक अक्षरात भरल्याची तारीख टाकायची, ही कचेरीची रीत. दुसरी रीत त्याहून जुनी. माणूस गेलं, की त्याच्या जन्माचं रजिस्टर काढून नावासमोर लाल शाईचा ठिपका द्यायचा. नवीन लागलेले कारकून या ठिपक्याला हसत. बाईंनी मात्र एकही ठिपका चुकवला नव्हता.

जन्मांच्या अनुक्रमणिकेत ते नाव दोनदाच होतं. बाईंनी दोन्ही रजिस्टरं धूळ झटकून टेबलावर आणली. पहिली नोंद एकशे छत्तीस वर्षांपूर्वीची. मुलगी. शेऱ्याच्या रकान्यात त्या वेळच्या कारकुनाने लिहिलं होतं, ‘फार अशक्त, आशा नाही.’ नाव नवव्या दिवशी भरलेलं. समोर लाल ठिपका. मृत्यूच्या रजिस्टरांत तपास केल्यावर कळलं, की आशा नसलेली ती मुलगी चांगली बावन्न वर्षं जगली होती. मरणाच्या कारणाच्या रकान्यात नुसती एक आडवी रेघ होती.

दुसरी नोंद त्या मरणाच्याच वर्षातली. मुलगी, अशक्त, आशा नाही. नाव अकराव्या दिवशी भरलेलं, आणि खालची बारीक तारीख, पहिली ज्या दिवशी गेली, त्याच दिवसाची.

बाईंनी आता सहज म्हणून, निदान त्या स्वतःला तरी तसंच सांगत होत्या, पहिलीचं नाव भरल्याच्या तारखेचं मृत्यूचं पान उघडलं. त्या दिवशी एकाच मृत्यूची नोंद होती. त्र्याण्णव वर्षांची बाई, नाव तेच. कारण, आडवी रेघ. बाईंनी तिन्ही तारखा पुन्हा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या.

म्हणजे हे नाव एका वेळी एकीलाच मिळत होतं. एकीच्या रकान्यात ते लिहिलं, की आधीची जात होती. आणि जिच्या रकान्यात लिहिलं, ती आशा नसतानाही तगत होती.

दुसऱ्या नोंदीसमोर ठिपका नव्हता. राहून गेला असेल, बाईंनी मनाची समजूत घातली. पण हयातीच्या दाखल्यांच्या यादीत ती चौऱ्याऐंशी वर्षांची बाई सापडली. पत्ता कचेरीपासून दोन गल्ल्यांवरचा.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, बाई तिथे गेल्या तेव्हा म्हातारी स्टुलावर चढून दिवा बदलत होती.

“दार उघडंच आहे,” ती वरूनच म्हणाली. “आणि आलाच आहात तर स्टूल धरा जरा. डुगडुगतंय.”

बाईंनी स्टूल धरलं. गरजेपेक्षा जास्त घट्ट धरलं, आणि म्हातारी खाली उतरेपर्यंत श्वास सोडला नाही. मग त्यांनी हयातीच्या तपासाला आल्याचं सांगितलं. आपण हयात आहोत, खुशाल लिहून घ्या, असं म्हणत म्हातारीने चहाचं आधण ठेवलं. निळ्या काठाचे दोन कप काढले. एकाचा कान तुटून पुन्हा चिकटवलेला होता, तो तिने स्वतःकडे ठेवला. घर नीटनेटकं होतं, खिडकीत धुतलेली चादर वाळत होती, आणि म्हातारी एकट्या राहणाऱ्या माणसाच्या हौसेने शेजारच्यांच्या कुत्र्यापासून गुडघ्यांपर्यंत सगळं बोलत होती. बाईंचा अर्धा कप संपला, तेव्हा ती मध्येच थांबली.

“नात झाली ना तुमच्याकडे?”

कप बशीवर ठेवताना बाईंच्या हातून चहा सांडला. म्हातारीने फडकं पुढे केलं.

मग तिने जे सांगितलं ते अगदी साधेपणाने सांगितलं. तीही अशीच मूठभर जन्मली होती, कापसात गुंडाळून तिला चुलीशेजारी ठेवलं होतं. तिच्या आईच्या तोंडात ते नाव आलं. आजीने चौकशी करकरून आधीची बाई शोधून काढली आणि तिला बघायला गेली. ती बाई अंगणात कपडे वाळत घालत होती, गुणगुणत होती. आजी दारातूनच परतली आणि तडक कचेरीत गेली.

“आजीने शेवटच्या दिवसांत मला हे सांगितलं. कपडे वाळत घालणारी कुणी दिसली की आजी वाट बदलायची. जन्मभर. तुम्ही निदान आत आलात.”

“या नावाचा अर्थ काय?” बाईंनी विचारलं. तीस वर्षांची सवय, ती कुठे जाणार.

“जाऊ नकोस, असा काहीसा. आजी म्हणायची. कुठल्या भाषेतला ते तिलाही ठाऊक नव्हतं.” म्हातारी हसली. “तान्ह्या पोराला सांगायला बरं आहे. मला चौऱ्याऐंशी वर्षं कुणीतरी सांगतंय.”

“असलं काही नसतं,” बाई म्हणाल्या.

“नसेलही. नसेल तर गुरुवार संध्याकाळपर्यंत थांबायला काय हरकत आहे?”

गुरुवारी तिची भाची यायची होती. बहिणीच्या मागे म्हातारीनेच तिला वाढवलं होतं, आणि सात वर्षांपूर्वी कशावरून तरी दोघींचं फाटलं होतं. कशावरून ते आता म्हातारीला धड आठवत नव्हतं, आठवायचं नव्हतंही. भेट झाली की मग लिहा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

बाईंनी शब्द दिला. दिला तेव्हा तो पाळायचाच होता.

बुधवारी सव्वातीनला कचेरीतला फोन वाजला. लेक रडत नव्हती.

“आकडा उतरतोय, आई. आता नाव घेतलं तरी चढत नाही. तू लिहिलंस ना?”

“हो,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी रजिस्टर ओढलं. खणातून अर्ज काढला, वास्तविक त्याची गरज नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. बाईंनी नाव लिहिलं, खाली बारीक अक्षरात तारीख टाकली, टिपकागद दाबला. आपण काय केलं हे त्यांना लख्ख कळत होतं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करू, हेही. त्यांना स्वतःची भीती वाटली.

दहा मिनिटांत पुन्हा फोन आला. बाळ रडलं होतं, पहिल्यांदाच, इतक्या मोठ्याने की परिचारिका हसायला लागली. लेक आता हमसून हमसून रडत होती. बाईंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो मध्येच कुठेतरी अडकून राहिला.

गुरुवारी त्या नेहमीच्या वाटेने आल्या नाहीत, दोन गल्ल्यांचा वळसा घालून आल्या. अकराच्या सुमाराला एक पन्नाशीची बाई खिडकीशी आली. डोळे सुजलेले. तिने मृत्यूचा अर्ज आत सरकवला. बुधवार, दुपार, तीन वाजून वीस मिनिटं.

बाईंना तिच्याकडे बघवेना. “तुम्ही आज येणार होतात ना त्यांना भेटायला?” अर्जाकडे बघतच त्या म्हणाल्या. “भेट राहिली.”

“नाही, झाली भेट. मंगळवारी दुपारीच मावशीचा फोन आला, गुरुवारची वाट बघू नकोस, उद्या सकाळीच ये म्हणून. मी म्हटलं, असं अचानक का? तर म्हणे, एका बाईंनी शब्द दिलाय मला, पण त्यांना नात आहे.” भाचीने डोळे पुसले. “मला काही कळलं नाही. सकाळपासून बोलत बसलो होतो आम्ही, काय काय बोललो. मग चहा टाकते म्हणून उठली, आणि तिथेच.” तिने आत वाकून बघितलं. “त्या बाई तुम्हीच का?”

बाईंनी मान हलवली.

भाचीने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून खिडकीत ठेवलं. निळ्या काठाचा, कान चिकटवलेला कप. “तुमच्या नातीसाठी दिलाय. म्हणाली, पुढे कधी तिच्या दाराशी कुणी बाई आली आणि बोलायचं सोडून नुसती उभी राहिली, तर तिला आत बोलवायला सांगा.”

बाईंनी कप आपल्या बाजूला घेतला. जुनं रजिस्टर काढलं, लाल शाईत टाक बुडवला आणि दुसऱ्या नोंदीसमोर ठिपका दिला. मग मृत्यूचं रजिस्टर उघडून एकेक रकाना भरत गेल्या.

“कारण काय लिहायचं?” भाचीने विचारलं. “डॉक्टर म्हणाले, काही सापडलं नाही.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि पट्टी न घेताच त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. रेघ जरा वाकडी आली.