बोळातलं तेल

पेंटरची मोटरसायकल तेल गाळते हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, आणि सगळ्यात जास्त ठाऊक होतं ते खुद्द पेंटरला. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा जन्म गेला. शिडी, डबे, ब्रश असा सगळा पसारा त्या गाडीवर लादून तो गावभर हिंडला. पुढे छापील पाट्या आल्या आणि काम आटलं, गाडी मात्र राहिली. तळमजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं होती, मध्ये अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला मागचं अंगण. गाडी बोळात भिंतीला खेटून उभी असायची, खाली पुठ्ठा. कुणी कुरकुर केली की पेंटर हसून म्हणायचा, जुन्या गाडीखाली तेल दिसेनासं झालं की समजावं, आतलं संपलं.

समोर वायरमन राहायचा. दोघांची दोस्ती लग्नाआधीपासूनची, एकाच्या ताटातलं दुसऱ्याने न विचारता उचलावं अशी. इंजिन एकदा उघडू, दोघं मिळून बघू, असं वायरमन दोन वर्षं त्याच्या मागे लागला होता. पेंटर हो हो म्हणायचा आणि आजचं उद्यावर ढकलायचा.

एका सकाळी पुठ्ठ्याचा भिजून लगदा झाला होता, म्हणून पेंटरने तो उचलून टाकला. दुसरा आणायला घरात शिरला, बायकोने चहा पुढे ठेवला आणि पुठ्ठा डोक्यातून साफ गेला. तेवढ्यात वायरमनची बायको धुण्याची बादली घेऊन अंगणाकडे निघाली. आधी बादली आपटल्याचा आवाज आला. पेंटर धावत बाहेर आला तर वहिनी ओल्या कपड्यांत आडवी पडलेली आणि एक पाय भलतीकडेच वळलेला. ती ओरडत नव्हती.

"भावजी, मला हलवू नका," एवढंच म्हणाली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण अंगात साखर असल्यामुळे जखम लवकर भरेना. घरी आणली ती पलंगाची झाली. वायरमनने भांडण काढलं नाही की शिवी दिली नाही. त्याने बोलणं बंद केलं. वहिनी दवाखान्यात असताना पेंटर भेटायला गेला की तो खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभा राहायचा. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पेंटरला वाटे; निदान मान खाली घालून ऐकता तरी आल्या असत्या.

वहिनीला घरी आणलं त्याच आठवड्यात पेंटरने गाडी बोळातून ढकलत अंगणात नेली आणि पाने काढले. बायको दारातून बघत होती. "बैल गेला नि झोपा केला," ती म्हणाली. मग तिलाच काय वाटलं कुणास ठाऊक, आतून रद्दीचा गठ्ठा आणून तिने त्याच्याजवळ ठेवला.

नाक्यावरच्या मेकॅनिकने गाडी भंगारात घाल असा सल्ला दिला होता. पेंटरने तो मानला नाही. रॉकेल आणि ब्रशने त्याने इंजिनवरची काळी साय खरवडून काढली, पुसून कोरडं केलं आणि वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरली. मग इंजिन चालू केलं. पावडर जिथे ओली होईल तिथे तेल फुटतंय. ती क्लचच्या झाकणाच्या कडेने ओली झाली. त्याने तेल काढलं, किकचा दांडा काढला, गंजलेले स्क्रू हातोडीने ठोकून सैल केले. झाकणाखालचं कागदी पॅकिंग वाळून खपली झालं होतं, आणि त्यावर गळती बुजवायला कधीकाळी त्यानेच थापलेला चिकट मसाला होता. ते सगळं त्याने ब्लेडने, धातूवर ओरखडा न उठू देता काढलं. नवं पॅकिंग स्वतः कापलं. अक्षरांचे साचे कापलेला हात होता तो, एक भोक इकडचं तिकडे झालं नाही.

झाकण बसलं, तेल भरलं आणि दुसऱ्या दिवशी गिअरच्या दांड्यापाशी थेंब लोंबकळताना दिसला. त्याने तिथलं ऑईल सील बदललं. मग तेल दुसऱ्या बाजूच्या झाकणातून यायला लागलं. एक भोक बुजवावं तर दुसरं तोंड उघडे. पेंटर पायरीवर बसला. काळ्या हातांनी डोकंही धरता येत नव्हतं.

वायरमन औषधांची पिशवी घेऊन बोळातून येत होता. अंगणाच्या तोंडाशी तो थांबला. गाडीकडे बघत म्हणाला, "ब्रीदर बघितलास?"

आणि उत्तराची वाट न बघता आत गेला.

ब्रीदर म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी रबरी नळी. पेंटरने ती ओढून काढली. कुठल्याशा माशीने तिच्या तोंडात मातीचं घर केलं होतं, दगडासारखं घट्ट. वाफेला वाटच नव्हती. आतला दाब जिथे कच्चं सापडेल तिथून तेल बाहेर ढकलत होता. त्याने तारेने नळी मोकळी केली, उरलेलं पॅकिंग बदललं, खाली कोरा कागद अंथरला आणि गाडी बराच वेळ चालवली. कागद कोरा राहिला. दुसऱ्या दिवशीही कोरा.

पेंटरला इतका आनंद झाला की हात न धुताच तो समोरच्या दारात जाऊन उभा राहिला.

"थांबलं रे," तो म्हणाला. "तू सांगितलंस म्हणून थांबलं."

वायरमन गोळ्या वेगळ्या करत होता. त्याने वर बघितलं नाही. "तुझ्यासाठी नाही सांगितलं. उद्या आणखी कुणी पडू नये म्हणून सांगितलं."

आतून वहिनीचा आवाज आला, कोण आलंय म्हणून. वायरमन म्हणाला, "कुणी नाही." पेंटर उलट्या पावली परतला.

पुढे वायरमनच्या मुलीने ठरवलं, आईबापांनी आता तिच्याकडेच राहायचं. तिच्या इमारतीला लिफ्ट होती, न्हाणीघर खोलीला लागून होतं. निघायच्या दिवशी वहिनीला खुर्चीत बसवून बाहेर न्यायचं ठरलं. जावई, व्हॅनचा ड्रायव्हर आणि वायरमन तिघे होते. खुर्चीचा चौथा पाय धरायला कुणी नव्हतं. पेंटरने काही न विचारता तो धरला. वायरमनने त्याच्याकडे बघितलं आणि "उचला," म्हणाला.

बोळ कोरडा होता. पेंटरने पहाटेच सोड्याने दोनदा घासला होता. तरी गाडीच्या जागेपाशी येताच वहिनीने डोळे मिटले आणि हाताला लागला तो खांदा घट्ट धरला. तो पेंटरचा होता. तिची बोटं शर्टावरून रुतत होती. रस्त्यावर येईपर्यंत तिने ती सोडली नाहीत.

व्हॅनमध्ये बसल्यावर ती त्याला हळूच म्हणाली, "भावजी, जिवाला लावून घेऊ नका. मीही बघून चालायला हवं होतं."

पेंटरला ते दोष दिल्यापेक्षा जड गेलं. वायरमन ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला होता. हात वर करावा की नाही हे पेंटर ठरवत होता, तोवर व्हॅन वळणाआड गेली.

समोरच्या दाराला कुलूप लागलं. मुलीचा फोन अधूनमधून पेंटरच्या बायकोला यायचा. वहिनी वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाते, असं कळलं. पेंटर बाजूला उभा राहून ऐकायचा आणि खुणेने विचारायला लावायचा, तो कसा आहे. बायको विचारायची.

"बरे आहेत," पलीकडून उत्तर यायचं, आणि मुलगी दुसरा विषय काढायची.