उठवेबाबांची काच

दूध डेअरीसमोरच्या पटांगणात त्या सकाळी इतकी गर्दी झाली होती, की दूध घालायला आलेल्यांना कॅन डोक्यावर धरून वाट काढावी लागत होती. ज्यांच्याकडे दूध होतं ते आले होते, ज्यांच्याकडे नव्हतं तेही आले होते, आणि ज्यांना घरी ढीगभर कामं होती ते तर सगळ्यांत पुढे उभे होते. सगळे टक लावून एका काचेकडे बघत होते. काच वाळत होती. ओली काच वाळताना बघायला एवढी माणसं जमतात हे शिडीबाईला आधी कळलं असतं, तर तिने धंद्यात तिकीट लावलं असतं.

शिडीबाईचा धंदा खिडक्या पुसण्याचा. आसपासच्या गावांतल्या शाळा, बँक, पेट्रोल पंप, नव्या बंगल्यांच्या काचा, सगळं तिच्याकडे. शिडीवर ती चढायची आणि खाली शिडी धरून तिचा नवरा उभा राहायचा, कारण त्याला स्टुलावर चढलं तरी गरगरायचं. त्याला सगळे ‘चकाचक’ म्हणत. धंद्याचं नावही तेच होतं. माणूस खरंच तसा होता. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तरी चहा येईपर्यंत यजमानांच्या कपाटाची काच पुसून मोकळा व्हायचा.

काचेच्या एका बाजूला उभे होते उठवेबाबा. पांढरे कपडे, पांढरी दाढी, हातात तांब्याची दांडी. पुरुषभर उंचीची ती काच लाकडी चौकटीत उभी होती आणि मधोमध एक पट्टी मारून तिचे दोन भाग केले होते.

“माझ्या लेकरांनो,” बाबा म्हणाले, “तुमच्या बोअरचं पाणी वाईट नाही. ते झोपलेलं आहे! झोपेत माणसाची लाळ गळते की नाही?”

“गळते, गळते,” गर्दीतून आवाज आले.

“तसं झोपलेलं पाणी डाग गाळतं. भांड्यांवर डाग, नळावर डाग, काचेवर डाग. कशामुळे?”

“झोपेमुळे!”

“मग मी काय करतो?”

“उठवता!” लोक एका सुरात ओरडले. डेअरीचा व्यवस्थापक सगळ्यांत मोठ्यांदा ओरडला, कारण तो स्वतःच नुकताच उठून आला होता.

पाणी सगळ्यांदेखत डेअरीच्याच बोअरमधून काढलेलं होतं, एकाच बादलीतलं. बाबांच्या चेल्याने त्यातला एक तांब्या तसाच काचेच्या डाव्या भागावर ओतला. मग बाबांनी बादलीत दांडी फिरवली, डोळे मिटले, पाण्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. पाण्याचा कान नेमका कुठे असतो हे त्यांना बरोबर माहीत होतं. त्यानंतर दुसरा तांब्या उजव्या भागावर ओतला गेला. ऊन चांगलं होतं. थोड्या वेळात डावी बाजू पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली, आणि उजवी बाजू अशी लख्ख, की पलीकडे उभ्या असलेल्या म्हशीच्या पापण्या मोजाव्यात.

लोकांनी तोंडात बोटं घातली. चकाचकने दोन्ही हात जोडले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिडीबाईही गर्दीतून दोन पावलं पुढे सरकली. कारण हे पांढरे ठिपके तिचे वैरी होते.

गेल्या महिन्यात टेकडीजवळच्या नव्या हॉस्पिटलचं काम त्यांना मिळालं होतं. पुढची सगळी भिंतच काचेची. असं काम मिळालं की वर्षभर निवांत. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला दोघांनी मर मर मरून ती भिंत धुतली, आणि दुपारी ऊन आल्यावर अख्ख्या हॉस्पिटलला देवी आल्यासारखे ठिपके उठले. तिथल्या मॅनेजरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, “पुढच्या सोमवारी पुन्हा एकदा करून बघा. नाही जमलं तर आपण शहरातून माणसं बोलावू.” त्या दिवशी टेम्पोत बसल्यावर शिडीबाईला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. हे काम गेलं, तर धंदा बंद करून पुन्हा पॅकिंगच्या कारखान्यात उभं राहायचं होतं, दिवसभर, पंख्याशिवाय.

तिने एक उपाय शोधलाही होता. डेअरीच्या शीतघराची यंत्रं दिवसरात्र चालायची, आणि मागच्या बाजूला त्यांच्या नळीतून पाणी ठिबकायचं. गार यंत्रावर हवेतली वाफ जमून झालेलं ते पाणी. तिने ते भांड्यात धरून घरच्या खिडकीवर लावून बघितलं होतं, एक डाग नाही. व्यवस्थापकाने खुशाल न्या म्हणून सांगितलं होतं. अडचण एकच, ते ठिबकायचं सावकाश, म्हणून साठवायला मोठी टाकी हवी. ती काळी प्लास्टिकची टाकी कालच घरी आली होती. आणि आता चकाचक ती टाकी बाबांना देऊन बदल्यात तांब्याची दांडी घेणार होता.

“अहो, टाकी देऊन दांडी?” घरी आल्यावर तिने विचारलं.

“अगं, बाबांना आश्रमासाठी टाकी हवी आहे. आणि आपल्याला टाकी लागतेच कशाला? बोअरमध्ये दांडी सोडायची की पाणी जागं! थेंबाथेंबाने धंदा होतो का कधी? नळीखाली भांडं धरून बसलेलं लोक बघतात, हसतात.”

“हसू देत की.”

“तू स्वतः डोळ्यांनी पाहिलंस ना?”

तिने पाहिलं होतं. तेच तर अवघड झालं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात चकाचकची मोठी बहीण उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीला भावाकडे आली होती. तिने चष्मा पुसत विचारलं, “बाबा ते पाणी आपल्या या खिडकीवर ओततील का रे?”

“ताई, मी विचारलं होतं. ते म्हणाले, जागं पाणी जागत्या काचेवरच टिकतं. आपली खिडकी झोपलेली आहे.”

“म्हणजे पाणी झोपतं, काचही झोपते. या गावात जागं कोण आहे मग?”

“तुझं हे असंच. परीक्षा घ्यायची नसते, श्रद्धा ठेवायची असते.”

“बादलीतले क्षार कुणी उठवल्याने कुठे जाणार, एवढंच विचारते आहे,” ताई म्हणाली. “पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तेच डाग. यात झोपेचा काय संबंध?”

“हिला भडकवू नकोस,” चकाचक म्हणाला. ताई हसली. शिडीबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, “अहो, उद्याचा दिवस थांबा. टाकी परवा देऊ.”

“शब्द दिलाय मी. उद्या सकाळी पुन्हा प्रयोग आहे, शेजारच्या गावचे लोक येणार आहेत. सगळ्यांसमोर दांडी मिळणार आपल्याला.” आणि तो कौतुकाने घरामागच्या छपराकडे बघायला गेला. तिथे बाबांची काच ठेवलेली होती. चेला स्वतः घेऊन आला होता. “काचेची माणसं तुम्ही, तुमच्याकडेच सुरक्षित,” असं म्हणाला होता, आणि जाताना तंबी देऊन गेला होता, की काचेला कुणाचाही हात लागता कामा नये, कंपनं उतरतात.

सकाळी बाबांचा टेम्पो आला. टाकी त्यात चढवली गेली. शिडीबाईने ती चढवताना हात लावला नाही, तोंड फिरवून ती उंबऱ्यात उभी राहिली. तिला वाटत होतं की धावत जाऊन टाकीला मिठी मारावी. पण नवऱ्याने चारचौघांत दिलेला शब्द मोडायचा कसा, हे तिला सुचेना.

पटांगणात आज कालच्या दुप्पट माणसं होती. काच उन्हात अशी चमकत होती, की बाबाही क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. मग तेच भाषण झालं, तीच लाळ, तीच झोप. लोकांना आता उत्तरं पाठ झाली होती. डावीकडे तांब्या ओतला. दांडी फिरली, कान सापडला, मंत्र झाला. उजवीकडे तांब्या ओतला.

काच वाळू लागली. डावीकडे पांढरे ठिपके उठले.

उजवीकडेही पांढरे ठिपके उठले.

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते झोपलेलं होतं की जागं, हे काही सांगता येत नाही. पण गडी मुरलेला होता. त्यांनी दांडी उंच केली. “इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे! शंकेच्या कंपनांनी पाणी पुन्हा झोपलं!”

लोकांनी वळून मागे उभ्या असलेल्या ताईकडे बघितलं. विज्ञानाची बाई, शंका तिचीच असणार. दोन-तीन बायकांनी तर तिच्यापासून पाऊलभर अंतर घेतलं. कुणीतरी म्हणालं, “बाहेर काढा तिला.”

चकाचकला मात्र हे सहन झालं नाही. तो पुढे आला, हात जोडून. “बाबा, ताईची चूक नाही. चूक असेल तर माझी आहे. मी पहाटे काचेची सेवा केली.”

“कसली सेवा?” बाबांनी विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

“पुसली! रस्त्याची धूळ होती हो तिच्यावर. डावीकडे कालचे डागही होते. अशी काच मी लोकांसमोर कशी आणणार? आधी खडूची पूड लावून घासली, मग स्पिरिटने, मग मऊ फडक्याने. सगळ्यांत जास्त उजवी बाजू घासली, तुमची बाजू म्हणून.”

“काचेला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना!” चेला किंचाळला.

“हात नाही लावला,” चकाचक म्हणाला. “फडकं लावलं.”

ताई पुढे आली. “उजवी बाजू घासताना काही निघालं का रे?”

“निघालं की. काहीतरी मेणचट होतं. डावीकडे नव्हतं, उजवीकडेच. मला वाटलं कुणाचा हात लागला असेल. बराच वेळ निघेना, पण मीही सोडलं नाही.”

शिडीबाईने बाबांकडे बघितलं. बाबा टेम्पोकडे बघत होते. आणि तिच्या लक्षात आलं. गेली कित्येक वर्षं ती नव्या गाड्यांच्या काचा धूत आली होती, आणि काही काचांवर पाणी थांबतच नाही, घरंगळून जातं, हे तिला ठाऊक होतं. पण काल तिने काचेवर काय आहे ते बघितलंच नव्हतं. सगळ्यांसारखी तीही पाण्याकडे बघत बसली होती.

“गॅरेजवाले भाऊ,” तिने हाक मारली, “पावसात गाडीच्या काचेवर पाणी थांबू नये म्हणून चोळतात ते पॉलिश तुमच्याकडे असतं ना?”

“असतं की,” गॅरेजवाला म्हणाला. “परवाच बाबांच्या या चेल्याने एक बाटली नेली. टेम्पोची काच चोळायची आहे म्हणाला.”

सगळ्यांनी टेम्पोच्या काचेकडे बघितलं. ती इतकी मळलेली होती, की तिच्यावर बोटाने नाव लिहावं.

गॅरेजवाल्याने गाडीतून बाटली आणली. चकाचकने दोन्ही बाजू पुन्हा पुसल्या. मग ताईने पॉलिश घेतलं आणि या वेळी डावीकडे चोळलं, झोपलेल्या पाण्याच्या बाजूला. उजवीकडे काही लावलं नाही. चकाचकने डावीकडे बादलीतलं साधं पाणी ओतलं. ते थेंब थेंब होऊन सरसर खाली घरंगळलं, वर काही उरलंच नाही. मग ताई बाबांना म्हणाली, “आता तुमच्या हाताने उठवून उजवीकडे ओता.”

बाबांना ओतावं लागलं. एवढ्या माणसांत पळता थोडंच येतं.

काच वाळली. झोपलेल्या पाण्याची बाजू लख्ख राहिली. उठवलेल्या पाण्याच्या बाजूला ठिपकेच ठिपके. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं पटांगण हसायला लागलं.

“बघितलंत?” ताई म्हणाली. “डाग पाण्यात असतात. पाणी काचेवर थांबलं, वाळलं, की क्षार मागे राहतात. पॉलिशवर पाणी थांबतच नाही, मग डाग पडणार कशाचे? कुणाचं पाणी उठलं नाही. तुम्हाला मात्र गेले दोन दिवस छान झोपवलं होतं.”

“मारा याला!” मागून एक जण ओरडला. हाच थोड्या वेळापूर्वी ताईला बाहेर काढायला निघाला होता.

“मारायचं कशाला?” ताई म्हणाली. “काल त्यांनी आपल्याला फसवलं, हे खरं. पण एकानेही हट्ट धरला नाही, की बाबा, हीच जादू माझ्या खिडकीवर करून दाखवा. तेवढा हट्ट धरायला शिका. पुढचा बाबा येईलच.”

शिडीबाई तोवर टेम्पोत चढली होती. तिला शिडीही लागली नाही. तिने टाकीचा दोर सोडला आणि नवऱ्याला हाक मारली, “अहो, धरा खालून!” चकाचकने टाकी खाली घेतली. त्याची मान वर होत नव्हती.

“मी मूर्ख आहे गं,” तो हळूच म्हणाला.

“थोडे आहात,” ती म्हणाली. “पण तुम्ही नीट पुसता. तुमच्याऐवजी दुसरा कुणी असता ना, तर ती काच तशीच राहिली असती आणि ही टाकी आज आश्रमात गेली असती.” आणि चारचौघांत तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

रविवारपर्यंत टाकीत कामापुरतं पाणी जमलं. चकाचक सारखा जाऊन झाकण उघडून बघायचा. लोक हसायचे, पण आता तोही हसायचा. सोमवारी हॉस्पिटलची भिंत धुवून झाली आणि दोघं पायरीवर ऊन यायची वाट बघत बसली. ऊन भिंतीवर चढत गेलं, आणि काच सुकत गेली, आणि काहीच उठलं नाही. काचेत आकाश दिसत होतं, स्वच्छ, खालपासून वरपर्यंत. चकाचकने तिचा हात धरला.

मॅनेजरबाई बाहेर आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “वर्षभराचं काम तुमचंच. पण एक सांगा, ते कुणी पाणी उठवणारे बाबा आले होते म्हणे तुमच्या गावात. हे त्यांचंच का?”

“नाही बाई,” शिडीबाई म्हणाली. “डेअरीच्या नळीचं आहे. आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका. बादलीत उरलंय थोडं, तुमच्या घरच्या खिडकीवर लावून बघा.”