कात्री कुठे आहे?

आमचं चष्म्यांचं दुकान खाली आणि घर वर. दोन्हीकडची कुठली वस्तू कुठे आहे, हे फक्त आत्याला ठाऊक. बाबा बसल्या जागेवरून "बारके, कात्री!" अशी हाक मारायचे आणि कात्री हजर व्हायची. ही बारकी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. तिने लग्न केलं नव्हतं, आणि तिला इथे काय कमी आहे, असं बाबा पाहुण्यांना विचारायचे. तिला मात्र कधी कुणी विचारलं नाही. आई या भानगडीत पडत नसे. तिची स्वतःची वेगळी कात्री होती, आणि ती कुठे असते हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

एकदा जेवताना आत्या म्हणाली, "दादा, मी परदेशी चाललेय. डोळे तपासायचं शिकायला. वर्षभर. ॲडमिशन झालीय."

बाबांचा घास हातातच राहिला. "अगं, या वयात लोक डोळे तपासून घेतात! तपासायला शिकत नाहीत!"

"मी शिकणार आहे."

"आणि दुकान?"

"ते इथेच राहील," आत्या म्हणाली आणि तिने भात वाढून घेतला.

बाबांनी आकाशपाताळ एक केलं. मग अबोला धरला. पण अबोला धरून कात्री मागता येत नाही, त्यामुळे तो संध्याकाळपर्यंतच टिकला.

आत्या गेली आणि फोन सुरू झाले. "बारके, बारीक स्क्रूंची डबी?" डाव्या खणात. "जादा किल्ली?" कॅलेंडरच्या मागे. एकदा तर बाबांनी मिठाचा डबा विचारला, आणि तो त्यांच्या कोपराला लागत होता. माझं डोकं फिरायचं.

"बाबा, ती शिकायला गेलीय की तुमची कपाटं सांभाळायला?"

"दोन मिनिटांचं तर काम असतं," बाबा म्हणायचे.

तिकडे आत्याची धडगत नव्हती. वर्गातली पोरं तिच्या निम्म्या वयाची. पहिल्याच चाचणीत ती नापास झाली. पुन्हा वर्गात फोन वाजला तर घरी जा, असा सरांनी दम भरला. हे तिने मला एकटीला सांगितलं. "दादाला सांगू नकोस गं. तो म्हणेल, बघ, मी म्हटलं नव्हतं?"

पुढच्याच आठवड्यात बाबांनी फोन लावला. स्पीकरवर. "बारके, कात्री कुठे आहे?"

पलीकडून आत्याचा आवाज आला, "शोध." आणि फोन बंद.

"लाइन कटली," बाबा म्हणाले.

"कटली नाही. तिने ठेवला," मी म्हणाले. मला झालेला आनंद मी अजिबात लपवला नाही.

बाबा जेवले नाहीत. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून कुठेतरी जाऊन आले, कुठे ते सांगेनात. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी बाह्या सरसावल्या आणि एकेक कपाट उपसलं. हळूहळू सगळ्या जागा त्यांना पाठ झाल्या. मग काय विचारता, ते आम्हालाच सांगत सुटले की वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात!

वर्ष संपलं. आत्या चक्क चांगल्या मार्कांनी पास होऊन आली. बाबांनी तिला वर जाऊच दिलं नाही, बॅगेसकट दुकानात उभं केलं. न बघता खणातून स्क्रू काढून एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी बसवून दाखवली.

"बघ! काही अडत नाही माझं!"

"खरंच नाही अडत?" आत्याने विचारलं.

"मुळीच नाही!"

"मग बरं झालं." ती खुर्चीत टेकली. "तिकडच्या दवाखान्यात मला नोकरी देतायत. म्हटलं, तुझं अडत असेल तर नाही म्हणून कळवावं. म्हणून आधी तुला विचारायला आले."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. आपल्याच पायावर त्यांनी धोंडा पाडून घेतला होता, तोही वर्षभर मेहनत करून. आत्या बॅगेवरची विमानाची पट्टी ओढत होती. ती तुटेना. सवयीने आजूबाजूला बघत ती म्हणाली, "दादा, कात्री कुठे आहे?"

"सापडत नाही गं," एवढं जरी बाबा म्हणाले असते तरी ती राहिली असती. त्यांनाही ते कळलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग खण ओढला, कात्री काढली आणि स्वतःच पट्टी कापली.

"जाताना ही घेऊन जा," ते म्हणाले. "मोठ्या बॅगेत टाक. हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत."

"तुला रे काय माहीत? तू कधी विमानात बसलास?"

"चौकशी करून आलो होतो. तिकिटाची, सामानाची, सगळी. तू फोन ठेवलास ना, त्या दिवशी."

"कशाला?"

"तुला कान धरून परत आणायला." बाबांनी खण ढकलून बंद केला. "आता येईन तो नुसता भेटायला येईन."

आत्याने पदराने डोळे पुसले. "तिकडे गल्ल्या सगळ्या सारख्या दिसतात, दादा. माझं घर सापडायचं नाही तुला."

"शोधीन," बाबा म्हणाले.