पट्टा आणि बक्कल

दिनकरने फोटोतल्या पट्ट्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढली आणि कागद काशिफपुढे सरकवला.

"ये नहीं चाहिए. इसकी जगह सादा गोल कडा. लिखावट उसी के ऊपर."

काशिफने भिंग डोळ्याला लावले. कुवेतमधल्या मुबारकियाच्या बाजारात, मसाल्यांच्या गल्लीमागे, दोन माणसे जेमतेम मावतील एवढे त्याचे चांदीकामाचे दुकान होते. फोटो एका जुन्या मेजवानीतला होता. त्यातला निळी लोकरी टोपी घातलेला उंच माणूस हसत होता, आणि टोपीवरचा बिल्ला मोठा करून शेजारी छापला होता. मधोमध पेटती मशाल धरलेला हात, भोवती वळसा घेतलेला बक्कलाचा पट्टा, पट्ट्यावर लॅटिन अक्षरे.

"फोटो में तो है, साब. बक्कल भी है, छेद भी हैं. किसी ने सोच के ही बनाया होगा."

"होगा. अपने को नहीं चाहिए."

काशिफने खांदे उडवले आणि वहीत गोल काढला.

फोटोतला माणूस म्हणजे ह्यू, दिनकर काम करी त्या नियंत्रण कक्षाचा प्रमुख. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर तो येत्या आठवड्यात स्कॉटलंडला परतणार होता. दर नोव्हेंबरात आपल्या देशबांधवांच्या जेवणाला जाताना तो आपल्या कुळाचा हा बिल्ला लावी. गेल्या हिवाळ्यात समुद्रकाठच्या वाऱ्यात टोपी उडाली. टोपी सापडली, बिल्ला नाही. निरोपाला काय द्यायचे यावर मंगफ वस्तीतल्या मराठी मंडळींत तीन बैठका झाल्या होत्या. घड्याळ, गालिचा, सोनेरी खंजीर असे एकेक मागे पडून शेवटी बिल्ला ठरला, आणि तो घडवून घेण्याचे काम दिनकरने स्वतःहून मागून घेतले.

पट्टा काढायची कल्पनाही त्याचीच होती. मंडळींतल्या राजाभाऊंनी ती उचलून धरली.

"बरोबर आहे. साहेबाला पट्ट्याचा बिल्ला? आपल्याकडे कचेरीतला शिपाई लावतो तो!" राजाभाऊ म्हणाले होते. "शेवटी न्यायाधीशांच्या चिरंजिवांनाच अशा गोष्टी सुचणार."

सगळे हसले होते. दिनकरही हसला होता.

अठरा वर्षांपूर्वी, कुवेतला नवा आला असताना, कोणीतरी त्याला वडिलांबद्दल विचारले होते. "नाशिकला कोर्टात होते," असे तो म्हणाला. वाक्यात खोटे काही नव्हते. उरलेले राजाभाऊंनी आपल्या मनाने भरले, आणि ते इतक्या आपुलकीने भरले, की पुढे ते खोडायची वेळच आली नाही. दिनकरचे वडील महादेव शेवाळे, घरचे दादा, कोर्टात पट्टेवाले होते. छातीवरून तिरका जाणारा लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. शनिवारी संध्याकाळी ते ओट्यावर बसून तो चिंचेने घाशीत आणि पट्ट्याचे टोक धरून ठेवायला दिनकरला बोलावीत. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते कामावरून तसेच आले, तेव्हा पाचवीतला दिनकर रंगमंचामागे जाऊन बसला होता. वडिलांनी त्याबद्दल कधी विचारले नाही.

ते गेले तेव्हा दिनकरला तातडीने नाशिकला जावे लागले. कोणी न सांगता ह्यूने सहा दिवस त्याची पाळी स्वतः केली. परतल्यावर त्याने चहाचा कप पुढे ठेवून विचारले, तुझे वडील काय करायचे? दिनकर त्यालाही तेच म्हणाला होता. कोर्टात होते.

बिल्ला मंगळवारी घरी आला. त्याच्या बायकोने, वीणाने, हात पुसून तो खिडकीपाशी नेला.

"सुरेख झालाय," ती म्हणाली. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होती. रोज सूक्ष्मदर्शकातून पाहणारीचे हे शब्द म्हणजे पावतीच. "बोटांची पेरंसुद्धा दिसतायत."

त्यांची मुलगी मुक्ता शुभेच्छापत्रावर तेच चित्र काढत होती. बिल्ल्यावरच्या लॅटिन ब्रीदाचा अर्थ नीट लिहावा म्हणून ती बराच वेळ लॅपटॉपमध्ये डोके घालून बसली होती. तिने बिल्ला हातात घेतला, पडद्याकडे पाहिले, पुन्हा बिल्ल्याकडे.

"बाबा, हे राँग आहे."

"अक्षर चुकलं?"

"नाही. बेल्ट कुठाय?"

"मी काढायला सांगितला. दिसायला बरं दिसत नव्हतं."

"ओ गॉड, बाबा." तिने खुर्ची फिरवली. "हे चिन्ह अख्ख्या कुळाचं नसतंच. ते फक्त चीफचं असतं, कुळाच्या प्रमुखाचं, त्याच्या एकट्याच्या मालकीचं. बाकीच्यांनी लावायचं तर भोवती पट्टा आणि बक्कल हवंच. म्हणजे, मी याचा माणूस आहे, असं. आणि असं प्लेन कडं असेल ना, तर तो स्वतः चीफ."

"मग काय बिघडलं? आपण साहेबाला मान दिला."

"दुसऱ्याचा मान दिला! ह्यू अंकल चीफ आहेत का? ही विल जस्ट से थँक यू. आणि ड्रॉवरमध्ये ठेवून देतील. नेव्हर लावणार नाहीत."

दिनकरने बिल्ला तिच्या हातातून घेतला. ह्यूला तो ओळखत होता. यंत्राच्या नोंदीत एक दशांशही इकडचा तिकडे न करणारा माणूस. तो अगदी असेच करील; वर चेहऱ्यावर काही दिसू देणार नाही.

"तिथे याच्यासाठी वेगळं कोर्ट आहे, बाबा," मुक्ता म्हणाली. "रिअली. कोणी काय लावायचं ते बघायला."

"कोर्ट," दिनकर म्हणाला, आणि बिल्ला कापसात ठेवू लागला. वीणा त्याच्या हातांकडे पाहत होती.

बुधवारी कामावरून तो परस्पर मुबारकियाला गेला. काशिफने डबी उघडली आणि मिशीत हसला.

"मैंने बोला था, साब."

"बोला था. पट्टा लगाना है. कल तक होगा?"

"कडे के ऊपर बिठा देता हूँ. मगर फोटो धुंधला है. बक्कल का मामला समझ में नहीं आता."

दिनकरने त्याच्या वहीचे कोरे पान उलटले. फोटोकडे न पाहता त्याने बक्कल काढले, त्याची जीभ काढली, तीन छेद. बक्कलमधून आलेला पट्टा मागच्या बाजूने वळवून घेतला आणि त्याचे टोक पुढून खाली लोंबते सोडले. त्या टोकाशी पेन्सिल क्षणभर थांबली. मग त्याने टोकाच्या कडेने शिवणीचे बारीक टाकेही घातले.

काशिफने पान फोटोशेजारी धरून भिंगातून दोन्ही पाहिले.

"बराबर यही है," तो म्हणाला. "आप ये काम करते थे, साब?"

"पकडके बैठता था," दिनकर म्हणाला.

निरोपाचे जेवण शुक्रवारी दुपारी राजाभाऊंच्या घरी होते. मसालेभात, अळूवड्या, श्रीखंड. सुहासिनीवहिनींनी ह्यूसाठी मिरची कमी केलेली वेगळी भाजी केली होती आणि त्याने नेहमीप्रमाणे ती बाजूला ठेवून ठेचा मागितला होता. पाने आवरल्यावर राजाभाऊंनी छोटेसे भाषण केले आणि डबी त्याच्या हाती दिली.

ह्यूने चष्मा चढवला. मशालीवरून त्याची नजर गेली, पट्ट्यावरून फिरली आणि बक्कलपाशी थांबली. लोंबत्या टोकावर त्याने अंगठा ठेवला.

"हे टोक बऱ्याच जणांचं चुकतं," तो इंग्रजीत हळूच म्हणाला. "आमच्याकडच्यांचंसुद्धा."

राजाभाऊ वाकून पाहू लागले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अरे दिनकर, हे काय? पट्टा काढायचा ठरला होता ना? जाता जाता साहेबाला पट्टेवाला करून ठेवलास की!"

हशा पिकला. ह्यूही हसला आणि त्याने दिनकरला विचारले, "काय म्हणतायत?"

सगळे त्याच्याकडे पाहत होते. कोचाच्या हातावर बसलेली मुक्ता, दारात ट्रे धरून उभी असलेली वीणा. काहीतरी गमतीचे सांगून मोकळे होता आले असते.

"आमच्याकडे कचेरीत शिपाई असतो," दिनकर इंग्रजीत म्हणाला. "छातीवर पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. त्यावरून कळतं की हा कुणाचा माणूस. तुला तसलं दिलं म्हणून राजाभाऊ मला हसतायत." मग तो थांबला, आणि पुढचे राजाभाऊंकडे पाहून मराठीत म्हणाला, "माझे वडील पट्टेवाले होते, राजाभाऊ. नाशिकच्या जिल्हा कोर्टात. एकतीस वर्षं."

तेच वाक्य त्याने ह्यूसाठी इंग्रजीत पुन्हा सांगितले. दुसऱ्यांदा ते सोपे गेले.

"त्यांच्या बिल्ल्यावर काय लिहिलं होतं?" ह्यूने विचारले.

"कोर्टाचं नाव."

"त्यांचं स्वतःचं?"

"नव्हतं."

"माझंही यावर नाही," ह्यू म्हणाला. त्याने पिशवीतून निळी टोपी काढली, डाव्या बाजूला बिल्ला नीट टोचला आणि टोपी डोक्यावर ठेवली. श्रीखंडाचा डाग पडलेल्या शर्टावर ती काही शोभत नव्हती, पण त्याने ती उतरवली नाही.

राजाभाऊंनी घसा साफ केला.

"म्हणजे अठरा वर्षं मी उगाच तुझ्याशी जपून बोलत होतो," ते म्हणाले. "बरं, एक सांग. माझी तारीख असती तर तुझ्या वडिलांनी मला आत सोडलं असतं का?"

"तुम्ही गप्प बसणार असतात, तर."

सुहासिनीवहिनी सगळ्यांत आधी हसल्या.

घरी परतताना खाडीवर ऊन उतरायला लागले होते. मुक्ता मागच्या सीटवर बसून आजोबांबद्दल एकामागून एक विचारत होती: टोपी होती का, पगडी होती का, ते कोर्टात नावांची आरोळी द्यायचे का. दिनकर सांगत राहिला. आरोळी दिलीसुद्धा, गाडीच्या काचा बंद करून.

घरात शिरल्यावर त्याने चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"चिंच आहे का गं घरात?"

"कशाला?"

"वरच्या कपाटात दादांचा बिल्ला असेल. स्वेटरच्या घडीत ठेवला होता. मुक्ताला दाखवीन म्हणतो. काळा पडला असेल."

वीणाने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

"तो दाखव तसाच," ती म्हणाली. "दर दसऱ्याला घासते मी."