ईरम्माची नळी

मित्रांनो, मी एक जुना फोनोग्राफ आहे. लाकडी पेटी, पितळी कर्णा आणि बाजूला फिरवायची किल्ली, एवढंच माझं अंग. तुम्ही ज्याला ग्रामोफोन म्हणता तो माझ्या पाठचा भाऊ. त्याच्यावर काळी सपाट तबकडी फिरते. माझ्यावर फिरते मेणाची नळी, मुठीत मावेल एवढी. पण त्याला जमत नाही ते मला जमतं. माझ्या कर्ण्यात कुणी बोललं की माझी सुई तो आवाज मेणावर कोरून ठेवते. मग दुसरी सुई लावून तीच नळी फिरवली की ते माणूस पुन्हा तसंच बोलू लागतं. या गुणाचा मला फार गर्व होता. आता गर्व उरला नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. बोटीतून मुंबईला आलो, तिथून हैदराबादला एका घड्याळवाल्याच्या दुकानात. तोवर तबकडीचे बाजे आले होते आणि मला कुणी विचारीना. काचेच्या कपाटात धूळ खात पडलो होतो. अशात एक दिवस बीदरकडच्या कोहिनूर गावचे शिवशंकरप्पा दुकानात शिरले. तुरीचे व्यापारी, अंगानं उंच, स्वभावानं मवाळ. माल विकायला हैदराबादला आले की प्रत्येक वेळी एखादा बाजा घेऊन जायचा, हा त्यांचा छंद. मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा तिथं आधीच चार बाजे होते. पुढे आम्ही सात झालो.

ते दिवस सुखाचे होते. संध्याकाळी ओसरीवर गाव जमायचं. शिवशंकरप्पा मऊ फडक्यानं आमचा कर्णा पुसायचे आणि किल्ली किती द्यायची ते बोटांवर मोजायचे. तबकड्यांची गाणी संपली की लोक म्हणायचे, "आता त्या आवाज पकडणाऱ्या बाजाला आणा की!" मग कुणी माझ्यात खोकायचं, कुणी बैलाला हाक मारायचं आणि आपलाच आवाज परत ऐकून दचकायचं.

मालकांची बायको ईरम्मा मात्र माझ्या वाटेला जात नसे. एका दुपारी मालकांनी तिला आग्रहानं माझ्यासमोर बसवलं. मांडीवर दहा महिन्यांची सावित्रम्मा होती.

"मला कामून बसवायलाव ओ इथं? काय बोलू ह्याच्यात?"

"घरात बोलतीस तसं बोल. नळी फिरायली बघ."

तिनं लेकीला मांडीवर नीट घेतलं. मग बोलू लागली. "आमच्या सावित्रीला दोन दात आलेत. सकाळी तिनं अप्पाचं बोट चावलं. अप्पा वरडले, तर ही हसायलीय. भाकरी देताव तर नको म्हणती, आन् माझा पदर चावायलीय..." इतक्यात पोरीनं माझा कर्णा धरला. "ए, सोड की गं! आगं, ते खायचं न्हाई!" ईरम्मा खळखळून हसली आणि दोन मिनिटांची नळी संपली. ती काढून ठेवताना सावित्रीचं नख लागलं, नळीच्या काठावर एक बारीक ओरखडा उमटला.

त्यानंतर दुसऱ्याच वर्षी ईरम्मा तापानं गेली.

मालकांनी ती नळी एका गोल डबीत ठेवली, डबीला लाल दोरा बांधला आणि देव्हाऱ्यात ठेवून दिली. सावित्री बोलायला लागली, धावायला लागली. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता, मग आवाज कुठून आठवणार? ती वारंवार विचारायची, "अप्पा, अव्वाचा आवाज लावा की."

"आत्ता नको बाळ. मेण असतंय ते. लावली की झिजती. तू थोर झालीस, तुला समजाय लागलं की ऐकवतो."

हे खरं होतं मित्रांनो, प्रत्येक वेळी माझी सुई थोडं मेण नेतेच. पण दुसरंही एक खरं होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. सावित्री मैत्रिणींबरोबर विहिरीवर गेली की मालक दार लोटून ती नळी लावायचे. एकटेच ऐकायचे. कधी हसायचे, कधी उपरण्यात तोंड खुपसून बसायचे.

अशाच एका दुपारी त्यांनी भानावर नसताना किल्ली जास्त फिरवली. माझ्या पोटातली पोलादी स्प्रिंग काडकन तुटली. त्याच वेळी अंगणात सावित्रीचं पाऊल वाजलं. मालक गडबडले. त्यांनी घाईत नळी काढली आणि हाताला लागेल त्या डबीत घातली. लाल दोऱ्याच्या डबीत गेली दुसरीच नळी, बैलाला हाक मारलेली. मी सगळं पाहत होतो. साऱ्या गावाचं बोलणं मी बोलून दाखवलं होतं, पण माझं स्वतःचं असं एक अक्षर मला बोलता येत नव्हतं.

मग दूरदेशी मोठी लढाई सुरू झाली. सुया मिळेनात, तबकड्या मिळेनात, माझी स्प्रिंग तर दूरच. त्यातच भावाभावांची वाटणी झाली आणि मालकांच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. सात बाजे ठेवायचे कुठं? शेवटी त्यांनी आम्हाला विकायला काढलं.

तो दिवस मी विसरणार नाही. आम्ही सातही जण ओसरीवर ओळीनं मांडलेले. गिऱ्हाईक आलं की मालक आधी त्याचे हात बघायचे. बीदरचा एक हॉटेलवाला मोठ्या कर्ण्याचा बाजा घेऊन निघाला, तर हे गाडीपर्यंत त्याच्या मागे सांगत गेले, "उन्हात ठेवू नका बरं का. एका सुईवर दोनच गाणी लावा." एकेक जागा रिकामी होत गेली. उरलो मी, मुका.

दिवस मावळताना काशप्पा आला. गावोगावच्या बाजारात आणि जत्रेत खेळ दाखवून पोट भरणारा माणूस.

"मालक, ह्यो मोडका द्या मला. घड्याळाची स्प्रिंग बसवून बघताव."

"ने बाबा. ह्या नळ्या बी घेऊन जा. बाजाच न्हाई तर मी काय करू त्यांचं?" लाल दोऱ्याची डबी तेवढी त्यांनी ठेवून घेतली. बाकीच्या माझ्याबरोबर टोपलीत आल्या. मालकांनी माझ्या कर्ण्यावरून एकदा हात फिरवला आणि तोंड वळवून आत गेले.

काशप्पाचे हात कसबी होते. महिनाभरात मी बोलू लागलो. त्यानं एकेक नळी लावून पाहिली. ईरम्माची नळी लागली तसा तो हातातली भाकरी तशीच धरून बसला. मग मोठ्यानं हसला. दुसऱ्या दिवसापासून बाजारात त्याची हाळी सुरू झाली, "या, ऐका! आपल्याच गावची बाई बोलायलीय!"

लोक लोटले. हैदराबादच्या गाणारणी त्यांनी ऐकल्या होत्या, पण आपल्यासारखं बोलणारी, लेकराला दटावणारी बाई पेटीतून कधी ऐकली नव्हती. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एक म्हातारी दर बाजाराला यायची आणि ऐकून झालं की मुकाट निघून जायची. दोन वर्षं ईरम्मा गावोगाव बोलत होती. आणि दर खेपेला माझी सुई तिला थोडं थोडं पुसत होती.

एकदा संतपूरच्या बाजारात गर्दीतली एक बाई दचकली. ती राजूबाई, ईरम्माची कोहिनूरची शेजारीण, लेकीकडे आली होती. तिनं गावी जाऊन मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, "कसं व्हईल? नळी तर देव्हाऱ्यात हाय." तरी त्यांनी डबी उघडली. नळीच्या काठावर नखाचा ओरखडा नव्हता.

दोन दिवसांची गाडीवाट तुडवून ते संतपूरला आले. त्यांच्याबरोबर बारा वर्षांची सावित्रम्मा होती. हे सगळं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. समोर आले तेव्हा मालकांना धाप लागली होती.

"काशप्पा, ती बाईची नळी लाव. माझ्या बायकोची हाय ती."

काशप्पाचा चेहरा उतरला. त्यानं नळी चढवली, किल्ली दिली. मी जीव तोडून प्रयत्न केला मित्रांनो. पण मेण गुळगुळीत झालं होतं. वाळूत पाणी जिरावं तसा नुसता सरसर आवाज आला. दोन मिनिटं सावित्री कर्ण्याला कान लावून उभी होती.

"मालक, मला ठावं नव्हतं," काशप्पा म्हणाला. "ठावं असतं तर जपून ठेवली असती."

मालक खाली मातीतच बसले. सावित्रीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती काशप्पाला म्हणाली, "तुमी लई वेळा ऐकलाव ना? काय म्हणत होती अव्वा?"

तेव्हा त्या खेळवाल्यानं भर बाजारात, आपल्या घोगऱ्या आवाजात, ईरम्माचा शब्द न् शब्द सांगितला. कुठं थांबायची, कुठं श्वास घ्यायची, कुठं हसायची, सगळं. सावित्री हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "पुन्हा सांगा," ती म्हणाली. त्यानं पुन्हा सांगितलं.

"बाळ, चूक माझी हाय," मालक म्हणाले. "मी एकट्यानं ऐकत बसलो. तुला एकदा बी ऐकवलं न्हाई."

काशप्पा मला परत द्यायला तयार होता. मालकांनी नकाराची मान हलवली. गाडीपाशी गेल्यावर त्यांनी लेकीला चढवायला हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. चाकावर पाय देऊन ती आपली आपण चढली.

मित्रांनो, त्याला आता दोन वर्षं झाली. मी अजून काशप्पाकडेच आहे. वस्तू जपा, एवढंच सांगून मला थांबता आलं असतं. पण त्या नळीला मालकांइतकं कुणी जपलं नसेल, तरी ती गेली. म्हणून ज्याच्यासाठी जपता, ते माणूस मागत असतानाच त्याच्या हाती द्या. झिजेल म्हणून भिऊ नका. झिजायचं ते कुठंतरी झिजतंच, ते निदान आपल्या माणसाच्या कानाशी झिजू द्या.