खडखडाटातलं बोलणं

लेकीच्या बँडमधल्या ड्रमरच्या वडिलांनी कापसाचे दोन बोळे आईपुढे धरले.

"घाला कानात, ताई. दोन वर्षं येतोय मी. एक अक्षर कळलं असेल तर शपथ!"

"नको. मला ऐकायचंय."

"ऐकायचंय म्हणे!" ते हसले.

तळघर. शंभरेक पोरंपोरी खांद्यांनी एकमेकांना ढकलत होती. कुणी पडलं की चार हात लगेच उचलत होते. समोर फळ्यांच्या बुटक्या मंचावर तिची मुलगी. मामा घरी येऊन सांगून गेला होता, पंक की काय ते गाते म्हणे तुझी लेक. गाते कसली, नुसती भुंकते. खरं काय ते आईला स्वतः बघायचं होतं.

गिटार सुरू झाली.

मुलीनं माइक तोंडाशी—

नाही, हनुवटीशी धरला. ओठ मोकळे.

आवाज म्हणजे पत्र्यावर खिळे. आईनं ऐकायचा नाद सोडला आणि ओठांकडे बघितलं. सव्वीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये काढलेली बाई. तिथल्या खडखडाटात बोलणं डोळ्यांनीच ऐकतात. लेकीलाही पाहुण्यांदेखत ती अशीच, आवाज न काढता, दटावायची.

ओठ म्हणाले:

दुपारचे तीन
माग बंद
बसायला बाकडी द्या, मग चालू
माझी आई
एकटी
उभी

आईचा हात गळ्याशी गेला. शेडमधल्या त्या संपाचं तिनं घरात एकदाच सांगितलं होतं, कपडे वाळत घालता घालता.

"काय झालं, ताई? बाहेर जायचं का?"

ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली. मुलीनं तिला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. गाण्यात घालू का, असं विचारलं नव्हतं ना आईला.

आईनं ओठ हलवले. सावकाश, शेडच्या दुसऱ्या टोकाला सांगावं तसे.

एकटी नाही. बावीसजणी.

मुलीची पुढची ओळ हुकली. ड्रमरनं तिची वाट बघत तोच ताल दोनदा जास्त फिरवला. मग गळ्याच्या शिरा ताणून ती ओरडली:

माझी आई
बावीसजणी
उभ्या

शब्द तिथं मावत नव्हता. तिनं मावेल असा केला.

पुढची पोरं मुठी उगारून काहीबाही ओरडली. ड्रमरचे वडील धापा टाकत मागून आले.

"कळतंय का हो काही?"

आई वळली नाही. शेजारच्या घामाघूम पोरीला तिनं कोपरानं जरा बाजूला सारलं, लेकीच्या अगदी समोर उभी राहिली आणि नुसत्या ओठांनी एकेकीचं नाव सांगायला लागली.