पडण्याचा सराव

नर्सबाईंचा नवरा भला माणूस होता आणि सगळी अडचण तिथेच होती. वाईट असता तर बाईंनी त्याला केव्हाच सरळ केला असता.

सहा वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीच्या उतारावर ओल्या पाचोळ्यावरून बाईंची सायकल घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. सळई घालून पाय वाचला, पण तो खुबा पूर्वीसारखा काही झाला नाही. बाईंचं हाड यथावकाश जुळलं, नवरा मात्र मोडला तो मोडलाच. त्या दिवशी बाई त्या उतारावर कितीतरी वेळ एकट्या पडून होत्या, हाक मारूनही कुणी आलं नव्हतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. तेव्हापासून सकाळी स्कूटरवरून दवाखान्यात सोडायचं, संध्याकाळी आपलं चष्म्याचं दुकान बंद करून आणायला जायचं, असा त्याचा नेम झाला. बाई कोपऱ्यावर भाजी आणायला निघाल्या तरी हा किल्ली घेऊन दारात हजर. बाई त्याला सावली म्हणायच्या. आधी कौतुकाने म्हणायच्या, पुढे पुढे दातओठ खाऊन.

दवाखान्यातलं काम तर विचारूच नका. पूर्वी बाई सायकलवरून घरोघर जायच्या. कुणाची जखम धुवायची, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलायची, बाळंतिणीला धीर द्यायचा. लोक दारात वाट बघत उभे असायचे. अपघातानंतर त्यांना खिडकीमागे बसवलं. केसपेपर द्या, नंबर पुकारा. एवढं काम खुर्चीसुद्धा करेल, असं बाई म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांना खरोखर रडू यायचं.

अशात घरोघर जाणाऱ्या नर्सने गाव सोडलं. बाई ते काम मागायला तडक दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई स्पष्टवक्त्या होत्या. चढावरच्या गल्ल्यांच्या तोंडाशी खांब रोवलेत, तिथे स्कूटर शिरत नाही, आणि नवऱ्यासकट नर्स मला नकोय, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. सोमवारपासून एकटी येणार-जाणार असशील तर काम तुझं, नाहीतर नवी मुलगी घेते.

चालून ते जमण्यासारखं नव्हतं. दोन गल्ल्या चाललं की खुबा बोंब मारायचा. सायकलवर मात्र पायावर भार येत नाही, खुशाल चालवा, असं हाडांच्या डॉक्टरांनीच मागे म्हटलं होतं. बाईंनी सायकल काढली, पुसली, हवा भरली आणि अंगणात दोन चकरा मारल्या. अंगात मुरलेली विद्या ती, जाते कुठे!

जेवताना त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "चालवशील तू, मला माहीत आहे. पण पडलीस तर उठवणार कोण तुला?"

ते खरं होतं. ऑपरेशननंतर जमिनीवरून त्या एकदाही एकट्याने उठल्या नव्हत्या. दरवेळी कुणाचा तरी हात होताच. नवरा म्हणाला, एकटी उठून दाखव, मग मी ब्र काढणार नाही.

झालं, बाई हट्टाला पेटल्या. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, बैठकीतलं टेबल भिंतीला सरकवलं, दोन गाद्या अंथरल्या आणि सायकल घरात घेतली. मग तिच्यावर बसायचं, तोल सोडायचा आणि धपकन पडायचं. हातात काठी घेऊन सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. म्हातारीला एवढी करमणूक कित्येक वर्षांत लाभली नव्हती. "आज उताणीच पडतेस, काल जरा बरी पडली होतीस," असं त्या सरावाच्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. पहिले दोन दिवस बाई उलट्या पडलेल्या कासवासारख्या हातपाय हलवत राहिल्या. दुखायचं, घाम फुटायचा, स्वतःची चीड यायची. पण हळूहळू युक्ती सापडली. आधी पालथं व्हायचं, धडधाकट गुडघा पोटाखाली घ्यायचा, सायकल उभी करायची, दोन्ही ब्रेक घट्ट आवळायचे म्हणजे ती पळत नाही, आणि मग तिलाच धरून वर यायचं.

एक दिवस नवरा लवकर घरी आला. बघतो तर बायको सायकलखाली आडवी आणि आई शांतपणे बघत बसलेली. त्याचं धाबं दणाणलं. तो धावणार तेवढ्यात सासूबाईंनी काठी आडवी घातली.

"मध्ये पडू नकोस. अभ्यास करतेय ती."

बाई त्याच्यादेखत उठल्या. वेळ लागला, तोंड लालबुंद झालं, पण उठल्या. नवऱ्याने खाली वाकून गादी दाबून पाहिली. मग हळूच म्हणाला, गादीवर उठणं वेगळं. बाई मनातल्या मनात चरफडल्या, पण हीच शंका त्यांनाही कुरतडत होती.

सोमवारी बाई एकट्या निघाल्या. दिलेल्या शब्दाला जागून नवरा काही बोलला नाही. फक्त थोडं अंतर राखून स्कूटरवरून मागे मागे आला. बाईंना कळणार नाही असं त्याला वाटलं. त्या स्कूटरचा खोकला बाई झोपेतही ओळखत होत्या.

टाकीच्या चढाला खांब ओलांडून त्या वर लागल्या. अर्ध्या चढावर दम लागला, सायकल डगमगली, टेकायला गेलेला पाय वेळेवर पोचला नाही आणि बाई दुखऱ्या बाजूवरच आदळल्या. पिशवीतल्या पट्ट्या रस्ताभर झाल्या. मागे पावलं वाजली. पडल्या पडल्याच बाईंनी हात वर केला.

"तिथेच थांबा. हात लावायचा नाही."

पावलं खालीच, खांबापाशी थांबली. खाली गादी नव्हती, खडी होती. बाईंनी पालथं व्हायला जोर लावला आणि काहीच झालं नाही. पाय ऐकेना. तेव्हा मात्र त्या घाबरल्या. सहा वर्षांपूर्वीची ती भीती, हाका मारून घसा सुकलेली, जशीच्या तशी छातीत उतरली. एक हाक, की तो धावत येणार होता. आणि उद्यापासून पुन्हा ती खिडकी.

बाईंनी दात आवळले आणि कूस वळवली. गुडघा पोटाखाली आला, त्याला खडी टोचली, टोचू दे. सायकल उभी केली, ब्रेक आवळले, एकदा घसरल्या, पुन्हा आवळले. आणि उभ्या राहिल्या. दोन्ही पाय जमिनीवर होते.

सगळ्या पट्ट्या गोळा करून त्यांनी मागे पाहिलं. नवरा खांबाशी रस्त्यातच बसला होता, डोक्याला हात लावून, पांढराफटक.

"मला उठता येत नाहीये गं," तो म्हणाला. "पायातलं बळच गेलं."

खाली जाऊन त्याला उठवावं, छातीशी धरावं, असं त्यांना फार वाटलं. पण वर एक आजोबा जखम धुवायची म्हणून केव्हाचे खोळंबले होते.

"घाई करू नका," बाई तिथूनच म्हणाल्या. "आधी एक गुडघा टेका, मग खांबाला घट्ट धरा. येतं जमायला."

चार पावलं त्यांनी सायकल ढकलत नेली आणि जरा सपाटी लागताच पायडलवर पाय ठेवून निघाल्या.